पत्त्यातलं गाव आणि खरं गाव

न्यू जर्सीत नव्याने आलेला कुणी भेटला की मी विचारतो, "राहता कुठे?" उत्तर येतं, "इझलिन." मी म्हणतो, "ते ठीक, पण टाउन कुठलं?" इथे समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. पण इझलिन हे टाउन नाहीच. पोस्टाच्या पत्त्यात ते आहे, ओक ट्री रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांवरही आहे. मात्र घरपट्टी घेणारं, पोलीस पाठवणारं आणि शाळा चालवणारं टाउन म्हणजे वुडब्रिज. त्याच रस्त्याने जिलेबी खात थोडं पुढे चालत गेलात की एडिसन लागतं, आणि नियम बदलतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजिती झाली म्हणून सांगतो. आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या पत्त्यात 'प्रिन्स्टन' होतं. सांगलीला वडिलांनी अख्ख्या आळीत सांगून टाकलं, पोरगा आइन्स्टाइनच्या गावात राहतो. मुलीचं नाव घालायला शाळेच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी लीजचा कागद चाळला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही साउथ ब्रन्सविकमध्ये राहता." शाळा तिकडची मिळाली आणि ती चांगलीच निघाली. वडिलांना मात्र मी शेवटपर्यंत काही बोललो नाही. तात्पर्य काय, घर बघताना एजंट काय म्हणतो किंवा झिप कोड काय आहे यावर जाऊ नका. घरपट्टीच्या नोंदीत कुठल्या टाउनचं नाव आहे ते बघा.

आता हा घोळ का आहे ते समजून घ्या, म्हणजे राज्यच समजेल. महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्श्याएवढं हे राज्य, पण त्यात २१ काउंट्या (आपले जिल्हे म्हणा) आणि ५६४ टाउनं आहेत. कुणी स्वतःला टाउनशिप म्हणवतं, कुणी बरो, कुणी सिटी. ही वाटण्यांची सवय जुनी आहे. मुळात ही लेनापी या आदिवासी लोकांची भूमी. त्यावर डच आणि स्वीडिश लोकांनी वस्त्या केल्या, १६६४ मध्ये इंग्रजांनी सगळं ताब्यात घेतलं आणि थोड्याच वर्षांत त्याचे पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी असे दोन तुकडेही पडले. १७०२ मध्ये ते पुन्हा एक झाले. खरी भाऊबंदकी माजली ती १८९४ मध्ये. टाउनशिपमधल्या सगळ्या शाळा एकाच कारभाराखाली आणणारा कायदा आला, आणि 'आमच्या कराच्या पैशावर शेजारच्या वस्तीची शाळा का चालवायची' म्हणून वस्त्यांनी फुटून आपापले बरो काढले. एकट्या बर्गेन काउंटीत वर्षभरात दोन डझनांच्या वर. उलट दिशेने गेलेली उदाहरणं थोडी. प्रिन्स्टन बरो हा प्रिन्स्टन टाउनशिपच्या पोटात मेदूवड्याच्या भोकासारखा बसला होता. अनेक मतदानांनंतर ते दोघे एक झाले ते थेट २०१३ मध्ये.

या हौसेचे पैसे आपण भरतो. घरपट्टीचं राज्यभराचं सरासरी बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला हप्ता असतो. बिल टाउन पाठवतं, म्हणून सगळे टाउनला शिव्या घालतात. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा शाळांना जातो आणि काही काउंटीला. बिलावर हे फोडून लिहिलेलं असतं. फ्रिजवर चिकटवण्याआधी एकदा वाचा.

टाउनं बारीकसारीक, आणि वर गव्हर्नर मात्र एकदम दांडगा. आधी असं नव्हतं. १८४४ च्या राज्यघटनेत गव्हर्नरला तीन वर्षांची मुदत होती आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नव्हतं. १९४७ ची घटना आली आणि पारडं फिरलं. ॲटर्नी जनरल, न्यायाधीश, काउंटीचे सरकारी वकील हे सगळे गव्हर्नर नेमतो आणि सिनेट मान्यता देते. बजेटमधली एखादी रक्कम त्याला एकट्याला कापता येते. २००९ पर्यंत तर राज्यभरातून निवडून येणारा राज्य सरकारातला तो एकच माणूस होता. त्या वर्षी पहिल्यांदा लेफ्टनंट गव्हर्नर निवडला गेला. राजधानी ट्रेंटनला ४० जणांचं सिनेट आणि ८० जणांची असेंब्ली बसते. राज्याच्या या निवडणुका विषम वर्षी होतात, त्यामुळे वॉशिंग्टनची धामधूम नसताना दारावर पत्रकं यायला लागली तर दचकू नका.

मतदानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नीट ऐका. लायसन्ससाठी मोटर व्हेइकल कमिशनमध्ये जाल (सगळे त्याला डीएमव्हीच म्हणतात), तिथे मतदार नोंदणीबद्दल विचारतात. व्हिसावर असा नाहीतर ग्रीन कार्डवर, नागरिक नसाल तर स्पष्ट 'नाही' म्हणा. घाईत चुकीची खूण केली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती नडते. मत नसलं तरी टाउनच्या कौन्सिलच्या बैठकीला मात्र जा. बैठका उघड्या घ्यायच्या असा १९७५ पासून कायदा आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजोबा शेजाऱ्याच्या झाडाची पानं आपल्या गटारात येतात यावर तीन मिनिटं तावातावाने बोलले, मेयरने ते मान खाली घालून लिहून घेतलं. ग्रामपंचायतीत असं कधी बघितलं नव्हतं.

गंमत म्हणजे मताच्या बाबतीत हे राज्य आधी पुढे होतं, मग मागे गेलं. १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं, त्यामुळे अविवाहित बायका, विधवा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय लोक खरोखर मतदान करत. १८०७ मध्ये ते काढून घेतलं. ते परत मिळवण्यासाठी झगडणारी ॲलिस पॉल इथल्याच माउंट लॉरेलची. गुलामगिरीच्या बाबतीत तर उत्तरेतलं हे सगळ्यात रेंगाळलेलं राज्य. ती संपवणारी घटनादुरुस्ती याने मान्य केली १८६६ च्या जानेवारीत, म्हणजे ती देशात लागू झाल्यानंतर.

बाकी थोर माणसं टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हमरस्त्यावर भेटतात. प्रत्येक थांब्याला कुणाचं तरी नाव आहे, आणि मुलांना कॉफीच्या रांगेत इतिहास शिकवायला ही सोय बरी. मॉली पिचर म्हणजे १७७८ च्या मॉन्मथच्या लढाईत तोफेपाशी उभी राहिलेली बाई. वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इथला गव्हर्नर होता. मला आवडते ती क्लारा बार्टन. तिने १८५२ मध्ये बॉर्डनटाउनला फुकट शाळा काढली, शाळा भरभराटली, तेव्हा तिच्या डोक्यावर जास्त पगाराचा पुरुष आणून बसवला. ती सोडून गेली आणि पुढे तिने अमेरिकन रेड क्रॉस उभा केला. एडिसनही आहे. त्याने मेन्लो पार्कला १८७९ मध्ये दिवा लावला तेव्हा त्या टाउनला रॅरिटन म्हणत. एडिसन हे नाव १९५४ चं. पेट्रोल भरायला मात्र गाडीतून उतरू नका, इथे १९४९ पासून गिऱ्हाईकाने स्वतः भरायला बंदी आहे.

आज ओक ट्री रोडवर साड्या झळकतात म्हणून पूर्वीही असंच होतं असं समजू नका. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी टिकली लावणाऱ्या बायकांना आणि आपल्या लोकांना गाठून मारत होती. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने इतकं मारलं की तो वाचला नाही. त्याच होबोकनने २०१७ मध्ये रवी भल्ला यांना मेयर केलं. त्याआधी २००२ मध्ये उपेंद्र चिवुकुला असेंब्लीत गेले होते.

आणि आपल्यातली अगदी सुरुवातीला इथे आलेली एक कोण, ते तर ऐकाच. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी बोटीतून उतरली आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जाण्याआधी कार्पेंटर मावशींकडे राहिली, ते रोझेल इथलंच. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा नेऊन रोझेल उजळलं होतं. मूळच्या कल्याणच्या त्या मुलीने रस्त्यावरचे ते दिवे बघितले असणारच, असं मला आपलं वाटतं. एखाद्या रविवारी जाऊन या. फक्त नकाशात नीट बघा, रोझेल आणि रोझेल पार्क ही दोन वेगळी टाउनं आहेत.