दोन हिवाळ्यांतील हीटिंगच्या खपाची तुलना कशी करावी

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांत संक्रांतीच्या सुमारास गॅसच्या बिलाचा विषय हमखास निघतो. बिल गेल्या वर्षीपेक्षा वाढले म्हणजे घरात काहीतरी बिघडले आणि कमी झाले म्हणजे नव्या खिडक्यांचे पैसे वसूल झाले, असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढला जातो. तो पुष्कळदा चुकतो, कारण बिलाच्या रकमेत गॅसचा दर, बिलात धरलेले दिवस आणि त्या महिन्यातली थंडी या तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. आपले घर ऊब किती धरून ठेवते हे पाहायचे असेल, तर या तिन्ही गोष्टी आधी वेगळ्या काढाव्या लागतात.

म्हणून रक्कम बाजूला ठेवावी आणि बिलावरील थर्मचा आकडा घ्यावा. एक थर्म म्हणजे १,००,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात विजेच्या सुमारे २९.३ युनिटांइतकी ऊर्जा. मीटर घनफुटांत मोजतो; त्याचे थर्म करण्याचा गुणक बिलावर दिलेला असतो. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेले आहे की अंदाजी, हेही तपासावे. अंदाजी रीडिंगचा महिना एकटा तुलनेस घेऊ नये. त्यापुढच्या प्रत्यक्ष रीडिंगपर्यंतचा सगळा काळ एकत्र धरावा.

या थर्ममध्ये स्वयंपाक, आंघोळीचे पाणी आणि गॅसवर चालत असल्यास कपडे वाळवण्याचे यंत्र यांचाही वाटा असतो. जुलैचे बिल पाहिले की हा वाटा कळतो, कारण त्या महिन्यात फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, बंद असते. तो हिवाळ्याच्या प्रत्येक महिन्यातून वजा करावा. हिवाळ्यात नळाचे पाणी फार गार येत असल्याने वॉटर हीटरचा खरा खप जुलैपेक्षा थोडा जास्त असतो, पण दोन्ही वर्षांना एकच रीत लावली तर तुलनेत फारसा फरक पडत नाही.

आता थंडीचे माप. त्यासाठी हवामानखाते आणि वीज-गॅस कंपन्या डिग्री-डे हे एकक वापरतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी ६५ अंश फॅरनहाइटमधून वजा केली की त्या दिवसाचे डिग्री-डे मिळतात. ६५ हा आकडा धरण्याचे कारण असे की, बाहेर तेवढे तापमान असताना माणसे, दिवे, स्वयंपाक आणि ऊन यांच्या उष्णतेवर घर आपोआप उबदार राहते. कमाल ४० आणि किमान २० अंश असलेल्या दिवसाचे ३५ डिग्री-डे होतात. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर कमाल तापमान उणे १० आणि किमान उणे २३ अंश होते. त्या एका दिवसाचे डिग्री-डे ८१ च्या घरात जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या दैनिक अहवालात हा आकडा तयार मिळतो. मात्र बेरीज करताना कॅलेंडरचा महिना धरू नये, बिलावरील दोन रीडिंगमधलेच दिवस धरावेत. सर्वाधिक चुका इथेच होतात.

समजा, एका जानेवारीत १८० थर्म लागले, त्यांतून जुलैचे २० वजा जाऊन १६० उरले आणि डिग्री-डे १,२०० होते. म्हणजे दर डिग्री-डेला ०.१३३ थर्म. पुढच्या जानेवारीत १५५ थर्म लागले, वजाबाकीनंतर १३५ उरले आणि डिग्री-डे ९६० होते. हा दर ०.१४१ येतो. खप १४ टक्क्यांनी उतरला, तरी घराची कामगिरी ५ टक्क्यांहून अधिक घसरली. एवढा फरक वाऱ्यामुळे किंवा ढगाळ दिवसांमुळेही पडू शकतो, म्हणून एका महिन्यावरून निर्णय न घेता नोव्हेंबर ते मार्चचा एकत्र हिशेब करावा. तरीही फरक टिकून राहिला, तर माळ्यावरचे इन्सुलेशन, दारांच्या फटी आणि फर्नेसचा फिल्टर तपासावा.

त्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे घरातले तापमान ठरवणारे उपकरण, किती अंशांवर लावला होता ते आठवून पाहावे. भारतातून आईवडील येतात तेव्हा तो ६८ वरून ७२ वर जातो, आणि जायलाच हवा. त्यांनी घरात शाली गुंडाळून बसावे हे कोणालाच नको असते. या चार अंशांनी ३१ दिवसांच्या महिन्यात जणू १२४ डिग्री-डे जास्तीचे होतात, म्हणजे १,२०० च्या मानाने सुमारे १० टक्के. हा खप घराच्या माथी मारू नये.

ऐन कडाक्याच्या एकाच दिवसाची तुलना करायची असल्यास रोज सकाळी ठरावीक वेळी मीटर वाचावा. नाहीतर फर्नेस किती तास चालली हे स्मार्ट थर्मोस्टॅटवरून पाहून फर्नेसच्या पट्टीवर लिहिलेल्या ताशी बीटीयूने गुणावे. ताशी ८०,००० बीटीयू घेणारी फर्नेस १४ तास चालली तर ११.२ थर्म जळाले. दोन टप्प्यांत चालणाऱ्या फर्नेसला हा हिशेब लागू पडत नाही.

शेजाऱ्याच्या घराशी तुलना करताना दर डिग्री-डेचा आकडा घराच्या चौरस फुटांनी भागावा. बाजूच्या भिंती सामाईक असलेल्या टाउनहाउसची तुलना स्वतंत्र घराशी करू नये. फर्नेसची कार्यक्षमताही विचारून घ्यावी, कारण १०० थर्ममधून ८० टक्क्यांची फर्नेस घराला ८० थर्म उष्णता देते, तर ९५ टक्क्यांची ९५. शेजाऱ्याकडे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) असेल, तर त्याची युनिटे ३,४१२ ने गुणली की विकत घेतलेल्या ऊर्जेचे बीटीयू मिळतात. घरात आलेली उष्णता त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते आणि थंडी वाढते तशी ही पट उतरत जाते. मदतीला विजेची कॉइल सुरू झाली की तेवढ्या भागासाठी एका युनिटला एकाच युनिटाची उष्णता मिळते. त्यामुळे कॉइल किती तास चालली, याची नोंद शेजाऱ्याकडून वेगळी मागून घ्यावी.