पुरात मदत पाठवताय किंवा निवारा केंद्र चालवताय? मग या चुका टाळा

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी सांगलीला 45 आणि कोल्हापूरला 43 फूट आहे, त्यावरनं अंदाज करा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, ट्रकच्या रांगा लागलेल्या, कोल्हापूर शहराला पाणी देणारी पंपिंग स्टेशनंच बुडाली, म्हणजे चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. त्या दिवसांत मी शिरोळ तालुक्यातल्या एका उंचावरच्या हायस्कूलमधल्या निवारा केंद्रावर होते. दोन दिवसांचं काम म्हणून गेले आणि बारा दिवस राहिले. पुढं 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा तिकडंही सामान घेऊन गेलो. दोन्हीकडं माणसांनी हात सैल सोडून दिलं, त्याबद्दल कुणाला नावं ठेवायची नाहीत, पण जे पाहिजे ते, पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथं पोचत नव्हतं. त्यातल्या बऱ्याच चुका आमच्याकडनंच झाल्या, म्हणून सविस्तर लिहितेय. पुढच्या पावसाळ्यात कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिल्या तासात वही न घालणे

आम्ही हीच चूक केली. लोक भिजून, पोरंबाळं कडेवर घेऊन येत होते, त्यांना आधी चहा द्यायचा सोडून नावं कुठं विचारत बसायची असं वाटलं. रात्री तहसीलमधनं फोन आला, किती माणसं आहेत, जेवण किती पाठवू? कुणी म्हणालं दोनशे, कुणी म्हणालं साडेतीनशे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ताईनं दोनशे पानी फुलस्केप वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि दारातच बाक टाकून बसल्या. कुटुंबप्रमुखाचं नाव, गाव, माणसं किती, दोन वर्षांखालचं बाळ आहे का, गरोदर बाई आहे का, बीपी-शुगरची रोजची गोळी कुठली, जनावरं किती आणि कुठं बांधलीत, मोबाईल नंबर, आणि शेवटच्या रकान्यात केंद्र सोडलं ती तारीख. एका घराला एक ओळ. मोजणी पुरी झाली तेव्हा माणसं 286 निघाली, त्यात 11 तान्ही बाळं आणि इन्सुलिन घेणारे 4 जण. त्यातले एक आजोबा आदल्या दिवशीपासनं इन्सुलिनशिवाय होते आणि लाजेनं बोलले नव्हते. वही आधी घातली असती तर ते रात्रीच कळलं असतं.

म्हणून सांगते, चहा देणारा एक माणूस आणि वही घेऊन बसणारा दुसरा, दोघंही पहिल्या मिनिटापासनं पाहिजेत. एक्सेल शीट, गुगल फॉर्म नंतर करा, आधी वहीच, कारण लाईट नसते, रेंज नसते, चार्जिंग संपतं. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढून तलाठ्याला आणि तहसीलच्या कंट्रोल रूमला पाठवायचा. आकडा एकाच ठिकाणावरनं, एकाच माणसानं द्यायचा. पाच कार्यकर्त्यांनी पाच आकडे दिले की जेवण एक तर फुकट जातं नाहीतर कमी पडतं, आणि कमी पडलं की पहिला उपास बायका काढतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

गरम भात पिशवीत भरून लांबनं पाठवणे

पहाटे चारला उठून कुणीतरी मसालेभात केला, गरम गरम प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, गाठी मारल्या, खोकी टेम्पोत रचली. रस्ता बंद, मग फिरून फिरून टेम्पो आमच्याकडं दुपारी दोनला. पिशवी सोडली तर आतनं वाफेचं पाणी गळत होतं आणि आंबूस वास. चारशे पिशव्या पुरून टाकाव्या लागल्या. ज्यांनी केलं त्यांची मेहनत आठवली की अजून वाईट वाटतं.

शिजवलेलं अन्न तासा-दोन तासाच्या अंतरावरनंच आणायचं. लांबनं पाठवायचं असेल तर भडंग, चुरमुरे-फरसाण, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिक्की, दशम्या, कडक भाकरी. आपल्या भागात टिकाऊ खाण्याची काय कमी आहे! आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कच्चा शिधा, दोन मोठे गॅस आणि पातेली पाठवा, केंद्रातल्या बायकाच स्वयंपाकाला उभ्या राहतात. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी चूल पेटली आणि गुमसुम बसलेल्या बायका कांदा चिरता चिरता बोलायला लागल्या, त्या दिवशी केंद्राची कळाच बदलली. फक्त भांडी घासायची आणि हात धुवायची जागा संडासापासनं लांब ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते, तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या सरसकट वाटू नका. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली, लगेच जुलाब. आईला आडोसा द्या, एक वर्ग फक्त लेकुरवाळ्या बायकांसाठी ठेवा, तिला पोटभर जेवण आणि पाणी द्या, म्हणजे ती अंगावर पाजू शकते. ज्या बाळाला खरंच वरचं दूध लागतं त्याचं डॉक्टर किंवा आशाताईंना विचारून वेगळं बघायचं.

जागा आणि पाण्याचा हिशोब न करणे

जगभर मदतकार्यात एक माप मानतात, माणशी निदान साडेतीन चौरस मीटर जागा, रोज 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागं एक संडास. आता शाळेचा 20 बाय 25 फुटांचा वर्ग घ्या, त्या मापानं त्यात 13 माणसं बसतात. आमच्याकडं एका वर्गात चाळीस होती. पुरात ते माप पाळता येत नाही हे मलाही मान्य आहे, पण माप माहीत असलं तर पुढचा हॉल, मंगल कार्यालय, समाजमंदिर मागायचं कधी हे तरी कळतं. पाण्याचंही तसंच. 300 माणसांना 15 लिटरनं 4500 लिटर, म्हणजे पाच हजाराचा एक टँकर रोज. पाण्याच्या बाटल्यांचे वीस बॉक्स आले की सगळ्यांना बरं वाटतं, पण ते 240 लिटर, माणशी एक लिटरही नाही. बाटल्या बोटीतनं जाणाऱ्या गावांसाठी ठेवा, केंद्राला टँकर मागा.

टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर, साधारण 1000 लिटरला 5 ग्रॅम, आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं, मग अर्धा तास थांबायचं. आरोग्य कर्मचाऱ्याकडनं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलंय का त्याची तपासणी, करून घ्यायची, पिवळा रंग आला तरच प्यायला द्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, नाहीतर पावडर गाळातच खपते.

संडास कमी असले की बायका पाणीच प्यायचं सोडतात, अंधार पडायची वाट बघतात. बायकांचे संडास वेगळे, तिथं रात्रभर दिवा, आतनं कडी. कडी तुटलेली असेल तर दहा रुपयाची कडी आणून आधी ती बसवा, बॅनरचं नंतर बघू.

कपड्यांचे ढीग

जुने कपडे पाठवू नका. गुजरातच्या भूकंपानंतर, त्सुनामीनंतरही हेच झालं होतं, रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग भिजत पडले होते, आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यातही तेच. निवडायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते आणि शेवटी उरतो कचरा. बायकांना पाहिजे होते गाऊन, परकर, नवीन आतले कपडे, सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला कागदी पिशव्या. एक म्हातारी आजी तीन दिवस त्याच ओल्या लुगड्यात बसून होती, साड्यांचा एवढा ढीग समोर असताना. नंतर कळलं की त्या आयुष्यभर नऊवारीच नेसल्यात आणि ढिगात सगळ्या पाचवारी. शेजारच्या गावातनं दोन लुगडी मागवली, एक नेसली आणि दुसरं छातीशी धरून झोपल्या. वहीत अजून एक रकाना पाहिजे होता, काय लागतंय?

हायवेलगतच्या गावाला पाच ट्रक, आतल्या गावाला एकही नाही

ट्रक निघतो, रस्त्यावर माणसं आडवी येतात, ड्रायव्हर घाबरतो, तिथंच सामान उतरतं. मग आतल्या गावांपर्यंत काहीच जात नाही. निघायच्या आधी तहसीलच्या कंट्रोल रूमला फोन करायचा, जिल्ह्याचा नंबर 1077. गाडीत काय आहे, किती आहे, कधी पोचणार, तिन्ही प्रश्नांचं उत्तर तयार ठेवा आणि कुठल्या गावाला न्यायचं ते त्यांना ठरवू द्या. 2005 च्या कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारीच असतात, कुठं बोट जाते, कुठला रस्ता सुरू झाला हे त्यांच्याकडं आधी कळतं. ऑफिसशी बोलायला लोक कंटाळतात, मला पटतं, पण एक फोन वाचवला म्हणून माल चुकीच्या गावात जातो.

गावात वाटताना आधी एका घराला एक कुपन द्या, मग माल. गाडीवर उभं राहून फेकू नका, माणसाचा मान जातो. आणि वाटप फक्त केंद्रातच करू नका. निम्म्याहून जास्त माणसं पाहुण्यांकडं जातात, तीन खोल्यांत वीस जण राहतात, ती कुणाच्याच यादीत नसतात. तशीच बाहेरगावची कामगार माणसं, यंत्रमागावर आणि एमआयडीसीत असलेली, त्यांच्याकडं इथलं रेशन कार्ड नसतं. कार्ड मागायचं नाही, नाव लिहायचं आणि द्यायचं.

जनावरांचा विचार शेवटी करणे

माणसं घर का सोडत नाहीत म्हणून शहरातली माणसं चिडतात. गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यांचं काय, हे आधी सांगा, मग ते निघतील. आणि पाणी गळ्याशी आल्यावर निघाले की मग बोटीत गर्दी होते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यानं. म्हणून केंद्र ठरवतानाच जवळ जनावरांची छावणी, वैरण, पाणी आणि पशुवैद्य ठरलेला पाहिजे, आणि इशारा पातळीला पाणी आलं की आधी जनावरं हलवायची. बोटीत लाइफ जॅकेट जेवढी तेवढीच माणसं, मग रडारड झाली तरी.

जुने मेसेज फिरत राहणे

"अमुक ठिकाणी दोनशे माणसं उपाशी आहेत" हा मेसेज आमच्याकडं सहा दिवस फिरत होता, ती माणसं दुसऱ्याच दिवशी जेवली होती. तोवर चार टेम्पो तिकडं गेले. मेसेजवर तारीख, वेळ आणि कुठपर्यंत लागू ते लिहा, काम झालं की त्याच ग्रुपवर "झालं, आता नको" टाका. तारीख नसलेला मेसेज पुढं पाठवायचाच नाही, आधी फोन करायचा.

पाणी ओसरलं की निघून येणे

मला ही चूक सगळ्यात जास्त लागते. आठ दिवस जेवणाचा पूर येतो आणि माणसं घरी परतली की सगळं बंद, खरी गरज तेव्हाच सुरू होते. चिपळूणला घराघरात गुडघाभर चिखल, भिंती ओल्या, गाद्या रस्त्यावर, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, खराटा आहे का, फावडं आहे का, गमबूट आहेत का. परतीचं किट वेगळं बांधा, त्यात खराटा, फावडं, बादली, फिनेल, हातमोजे, चटई, दोन पातेली, स्टोव्ह किंवा शेगडी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये. लाईटचा मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करायचा नाही. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातनं जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका असतो, जखम झाकायची, ताप आला की अंगावर काढायचा नाही, गोळी डॉक्टर देतील तीच.

आणि घर धुवायच्या आधी फोटो काढा, भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते ती दिसली पाहिजे, दारातला आणि आतल्या खोलीतला असे दोन. पंचनाम्याला तलाठी दहा दिवसांनी आले आणि घर स्वच्छ दिसलं की समजावत बसावं लागतं. मदत बँक खात्यात येते, त्यामुळं पासबुक आणि आधार भिजलं असेल तर त्याची सोय केंद्रात असतानाच करून घ्या.

शाळा सुरू करायची म्हणून आमचं केंद्र बाराव्या दिवशी बंद करायला सांगितलं. वही काढून शेवटचा रकाना बघितला तर पाच ओळींपुढं तारीख नव्हती. पाच घरं, तेवीस माणसं, घरं पडलेली, जायला जागा नाही. वही घेऊन सरपंच आणि तलाठी दोघांना समोर बसवलं, संध्याकाळपर्यंत दोन घरांना भाड्याची खोली झाली, उरलेल्या तीन घरांची सोय समाजमंदिरात, गॅस आणि पाण्यासकट. त्या पाच ओळींत तारीख लिहिली आणि मग शाळेला कुलूप लावलं.