सिबिलच्या भांडणाला निघण्याआधी

आधी तो चुकीचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या फेडीची नोंद, पीडीएफ करून स्वतःजवळ ठेवा. दुरुस्तीचा अर्ज नंतर. बँकेतल्या साहेबांशी भांडणही नंतर.

मी उलटं केलं. कधीच बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक फी लागत राहिली, तिच्यावर व्याज चढलं, आणि गृहकर्जाच्या टेबलावर मॅनेजरनी स्क्रीन माझ्याकडे वळवून थकबाकी दाखवली. घरी आले, रागारागात ऑनलाइन तक्रार ठोकली. दोन महिने सगळे गप्प. मग एके दिवशी ती ओळ रिपोर्टमधून गायब! मी पेढे वाटायच्या बेतात. तोवर बिल्डरकडे भरलेलं टोकन बुडालं होतं, म्हणून कार्डवाल्या बँकेकडे भरपाई मागितली. उत्तर आलं, आमच्या नोंदीत आपल्या नावे कोणतीही थकबाकी दिसत नाही. बरोबरच होतं, आता दिसतच नव्हती. आणि दिसत होती याचा माझ्याकडे कागद नव्हता.

तर रिपोर्ट. तो बनवणाऱ्या क्रेडिट कंपन्या आपल्याकडे चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो ते सोडा. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, तो तिच्याच साइटवरून घ्या. स्कोअर दाखवणाऱ्या ॲपचा गोल काटा पुरावा म्हणून कामाचा नाही. चारही काढा, कारण एकीकडची चूक सुधारली म्हणून दुसरीकडची सुधारतेच असं नाही. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून भागवू नका. तारीख आणि रिपोर्टचा क्रमांक (सिबिलचा कंट्रोल नंबर) दिसेल अशी अख्खी फाइल हवी. फाइलला पासवर्ड असतो, तो कुठेतरी लिहून ठेवा. (हसू नका, मी तिथेही अडकले होते.)

मग वाचायला बसा. स्कोअर 300 ते 900 मध्ये कुठेतरी असेल, त्याकडे बघत बसू नका. खात्यांची यादी बघा. आपलं नसलेलं कर्ज आहे का? बंद केलेलं खातं चालू दिसतंय का? हप्ता किती दिवस थकला याचे महिनावार आकडे बरोबर आहेत का? कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तिथे दिसू शकतं, ती चूक नव्हे. ‘सेटल्ड’ दिसलं तर आठवून बघा, थोडे पैसे सोडून तडजोड केली होती का. केली असेल तर भांडू नका, हराल.

कर्ज नाकारल्याचं कारण लेखी मागा. ‘सिबिल बसत नाही’ हे तोंडी ऐकून परत येऊ नका. नकाराचं मुख्य कारण बँकेने लेखी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आणि तक्रार ‘मला कर्ज दिलं नाही’ अशी लिहू नका. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) पडत नाही. बँकेने चुकीची माहिती क्रेडिट कंपनीकडे पाठवली, ही तुमची तक्रार. या काळात चिडून दुसऱ्या चार बँकांत अर्जही टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टात होते.

कागद म्हणजे ना देय दाखला (काही बाकी नाही असं बँकेचं पत्र), खातं बंद केल्याचा मेल, शेवटचं स्टेटमेंट. पॅन, आधार सांगायला नकोच.

आता तक्रार, बँकेकडे आणि क्रेडिट कंपनीकडे, दोन्हीकडे. बटण दाबण्याआधी: पीडीएफ ठेवली का? उघडून बघितली का? बघा. तक्रार क्रमांक आणि तारीख वहीत लिहा, कारण दिवस तिथून मोजायचे. दुरुस्तीला 30 दिवस मिळतात. त्यातले पहिले 21 बँकेने माहिती सुधारून पाठवायला. 30 दिवसांच्या पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुमचे, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून आहे. ते आपणहून यायला हवेत. नाही आले तर मागा. दुरुस्ती झाली की नवा रिपोर्टही ठेवा, जुन्याच्या शेजारी. जुना पुसू नका! फोन बदलताना जातो, म्हणून स्वतःला मेल करा आणि एक छापीलही काढा.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फुकट आहे, वकील लागत नाही, आणि 1 सप्टेंबर 2022 पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. लोकपाल आणि ग्राहक आयोग एकाच वेळी नको, लोकपाल प्रकरण घेणार नाही.

ग्राहक आयोग: दोन वर्षांची मुदत. राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात चालतं. अर्ज ई-जागृती पोर्टलवर. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. प्रतिज्ञापत्र लागतं. नुकसानीच्या पावत्या जोडा, तारीखवार. परिशिष्ट एक म्हणून काय जोडायचं ते आता सांगत नाही.