हिटलरच्या अखेरच्या दिवसांचा अभ्यास कसा करावा

अभ्यासाला बसताना आठवणींची पुस्तके काही काळ बाजूला ठेवावीत आणि आधी पक्क्या तारखा लिहून काढाव्यात. जानेवारी १९४५ च्या मध्यापासून हिटलर बर्लिनमधील चॅन्सेलरीच्या, म्हणजे त्याच्या सरकारी कार्यालयाच्या, बंकरमध्ये राहू लागला. २२ एप्रिलला, सेनापती श्टायनरचा प्रतिहल्ला झालाच नाही हे कळल्यावर, युद्ध हरल्याचे त्याने सेनाधिकाऱ्यांपुढे कबूल केले. २९ तारखेला मध्यरात्रीनंतर त्याने एव्हा ब्राउनशी विवाह केला, त्याच रात्री मृत्युपत्रावर सही केली, आणि ३० एप्रिलला दुपारी दोघांनी आत्महत्या केली.

त्यानंतर त्या दिवसांतले मूळ कागद पाहावेत. विवाहाच्या नोंदीवर सही करताना एव्हाने सवयीने माहेरच्या आडनावाचे पहिले अक्षर लिहिले आणि ते खोडून नवे आडनाव लिहिले. हे खोडलेले अक्षर मला कित्येक आठवणींपेक्षा विश्वासाचे वाटते, कारण त्यावर पुढे कोणी हात फिरवलेला नाही. मात्र त्या काळातले म्हणून सारेच खरे मानू नये: हिटलर आज दुपारी लढता लढता पडला, असे हॅम्बुर्ग रेडिओने १ मे रोजी सांगितले, आणि त्यातला दिवसही खोटा होता, मृत्यूचा प्रकारही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो दातांच्या पुराव्याला. प्रेते चॅन्सेलरीच्या बागेत जाळल्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटणे शक्य नव्हते. म्हणून सोव्हिएत तपास पथकाने हिटलरच्या दंतवैद्याची सहायक केटे हॉयझरमान आणि दंततंत्रज्ञ फ्रिट्झ एख्टमान यांना मे महिन्यातच गाठले, आणि दोघांनीही जबड्यातील दातांवरचे काम ओळखले. तरीही ही ओळख जगापासून दडवून ठेवण्यात आली, आणि हिटलर निसटला असावा असे स्टालिन दोस्तराष्ट्रांच्या नेत्यांना सांगत राहिला. पलायनाच्या कथा वाचताना हा क्रम समोर ठेवावा, म्हणजे त्यांना बळ कोठून मिळाले ते कळते.

साक्षीदार सर्वांत शेवटी घ्यावेत. प्रत्येकाच्या नावापुढे तो त्या तासाला नेमका कोठे होता, त्याने स्वतः काय पाहिले आणि कोणासमोर, कोणत्या वर्षी सांगितले, हे नोंदवावे. हिटलरचा सेवक लिंगे आणि सहायक ग्युन्शे यांनी प्रेते पाहिली होती, पण ते दोघे वर्षानुवर्षे सोव्हिएत कैदेत होते. त्यांचे कैदेतील जबाब आणि सुटकेनंतरचे कथन शेजारी ठेवून वाचावे, आणि जिथे ते जुळत नाहीत तिथे दोन्ही नोंदी तशाच राहू द्याव्यात.