बारा गावचं पाणी प्यायलेला फुटबॉलपटू: जुनी कारकीर्द मांडताना या चुका टाळा

हर्बर्ट चॅपमन म्हटलं की हडर्सफील्ड आणि आर्सेनल या इंग्लिश क्लबांचा थोर मॅनेजर आठवतो. त्याआधी तो खेळाडू होता, आणि तोही फिरता. किव्हटन पार्क, ॲश्टन नॉर्थ एंड, स्टेलीब्रिज रोव्हर्स, रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन, शेपी युनायटेड, वर्कसॉप, नॉर्थॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनम. मोजून बारा क्लब, त्यात नॉर्थॅम्प्टनला तीनदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या काळात असे खेळाडू शेकड्यांनी होते. त्यांच्यावर लिहिताना ज्या चुका होतात, त्या चॅपमनच्या उदाहरणावरून चांगल्या कळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त फुटबॉल लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य व्यावसायिक लीगचे सामने मोजणं. तसं केलं तर चॅपमनच्या हाती ग्रिम्सबी, शेफील्ड युनायटेड आणि नॉट्स काउंटी एवढेच क्लब उरतात. टॉटनमची त्याची 1905 ते 1907 ही दोन वर्षं गायबच होतात, कारण टॉटनम फुटबॉल लीगमध्ये आला 1908 मध्ये. तोवर हा क्लब सदर्न लीग या दक्षिण इंग्लंडमधल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होता. ही लीग दुय्यम समजू नका. याच टॉटनमने 1901 मध्ये सदर्न लीगमध्ये असतानाच एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकली, तीही शेफील्ड युनायटेडला हरवून. म्हणून कारकिर्दीच्या तक्त्यात सदर्न लीगचा रकाना वेगळा ठेवा, पण ठेवाच.

याला जोडूनच दुसरी चूक होते: खेळाडू फुटबॉल लीग सोडून सदर्न लीगमध्ये गेला की ‘घसरण झाली’ असं लिहून टाकायचं. हंगाम संपला तरी खेळाडूची नोंदणी लीगमधल्या क्लबच्याच मुठीत राहायची. क्लबने सोडलं नाही तर दुसऱ्या लीग क्लबकडे जाता येत नसे. सदर्न लीगवर मात्र हा नियम बरीच वर्षं लागू नव्हता, त्यामुळे अडकलेल्या माणसाला तो एक दरवाजा उघडा असे. पगाराचं म्हणाल तर 1901 पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादाच होती. ‘जास्त पैशासाठी गेला’ असं पुराव्याशिवाय लिहू नये.

चॅपमनच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीला तो हौशी खेळाडू होता आणि शिक्षणाने इंजिनिअर. जिथं जाईल तिथं आधी नोकरी शोधायची, मग खेळायचं. स्विंडनला काम जमेना, म्हणून तो केंटमधल्या शेपीला गेला. तक्त्यात हे दोन क्लब एकाखाली एक दिसतात. पण मधे पोटाचा प्रश्न होता, तो दिसत नाही. क्लब बदलला की कारण मैदानावरच शोधायची आपली सवय इथं साफ चुकते.

नावांची गल्लत हमखास होते. हर्बर्टचा भाऊ हॅरी त्याच वर्षांत द वेन्सडे (आताचा शेफील्ड वेन्सडे) क्लबकडून खेळत होता. 1903 आणि 1904 ची लीग त्याने जिंकली, 1907 चा एफए कपही. ‘एच. चॅपमन’ ही अक्षरं दोघांनाही लागू पडतात, आणि दोघंही शेफील्डमध्ये! नावाबरोबर क्लब, हंगाम आणि जागा पडताळल्याशिवाय गोल कोणाच्या खात्यात टाकू नका.

क्लबची नावं त्या काळातलीच द्या. मँचेस्टर युनायटेड 1902 आधी न्यूटन हीथ, बर्मिंगहॅम 1905 आधी स्मॉल हीथ, लेस्टर सिटी 1919 आधी लेस्टर फॉस. देवनागरीत लिहितानाही उच्चार बघा: वूलविच नाही, वूलिच, डर्बी नाही, डार्बी. 1915 ते 1919 पहिल्या महायुद्धामुळे लीग बंद होती, त्यामुळे त्या चार वर्षांचा रिकामा रकाना म्हणजे निवृत्ती नव्हे. आणि लीगच्या सामन्यांत बदली खेळाडू 1965 पर्यंत नव्हतेच, तेव्हा त्याआधीच्या लीग सामन्यात ‘बदली म्हणून उतरला’ असं कुठे दिसलं तर ती नोंद खोडा.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खुपते: चॅपमनचं खेळणं हे त्याच्या मॅनेजरपदाची तयारी म्हणून सांगणं. 1907 मध्ये नॉर्थॅम्प्टनचं खेळाडू-मॅनेजरपद आधी टॉटनमच्या वॉल्टर बुलकडे चालून आलं होतं. बुलने ते घेतलं नाही आणि आपल्या सहकाऱ्याचं, म्हणजे चॅपमनचं नाव सुचवलं. तेव्हाचा चॅपमन हा पिवळसर बूट घालून खेळणारा, एकोणतीस वर्षांचा एक साधा फॉरवर्ड होता. दोन वर्षांत नॉर्थॅम्प्टनने सदर्न लीग जिंकली.