स्वस्त एलईडी बल्ब पारखताना या चुका टाळा

होल्डरमध्ये फिरवला, लख्ख उजेड पडला, झाली तपासणी. स्वस्त एलईडी बल्बाची परीक्षा बहुतेक इथेच आटोपते, पण थंड बल्बाचा उजेड म्हणजे नव्याचे नऊ दिवस. एलईडी तापला की त्याचा उजेड थोडा उतरतो, आणि आतली उष्णता बाहेर काढायची सोय जितकी कच्ची, तितका तो जास्त उतरतो. त्यामुळे बल्ब अर्धा तास चालू ठेवा आणि मगच त्याच्याबद्दल मत बनवा.

वॅट बघून उजेड ठरवणं

वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज. उजेडाचं माप ल्युमेन. तारेचा जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा. तेवढ्या उजेडासाठी बऱ्यापैकी एलईडीला ८-९ वॅट पुरतात. खोक्यावरच्या ल्युमेनला वॅटने भागून बघा. ८० ते ११० च्या आसपास उत्तर आलं तर पटण्यासारखं आहे. स्वस्त बल्बावर १८०-२०० निघालं तर तो आकडा छापखान्यातच वाढलाय असं समजा.

मोबाइलच्या लक्समीटर अॅपवर डोळे मिटून विश्वास

ल्युमेन म्हणजे बल्बातून चहूकडे जाणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे एका जागी पडणारा. फोन दाखवतो ते लक्स, तेही ढोबळ. फोन जरा तिरका झाला किंवा बल्ब वीतभर जवळ आला की आकडा कुठल्या कुठे जातो. अंतर निम्मं केलं तर लक्स जवळपास चौपट होतात. तरी तुलनेसाठी हे अॅप कामाचं आहे. रात्री बाकीचे दिवे बंद करून फोन टेबलावर उताणा ठेवा आणि नंतर अजिबात हलवू नका. त्याच होल्डरमध्ये आधी खात्रीचा बल्ब लावा, मग नवा. काही बल्ब सगळा उजेड खालीच टाकतात आणि टेबलावर उगाच जिंकतात, म्हणून एकदा फोन बाजूला, भिंतीजवळ ठेवूनही आकडा घ्या.

खरी मजा पुढे आहे. नवा बल्ब लावल्या लावल्या आकडा लिहून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. पाच-दहा टक्के उतरला तर चालतं. पाव हिस्सा उतरला तर तो बल्ब आतून भाजतोय.

कॅमेऱ्यात पट्टे दिसले की बल्ब बाद

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर बल्बाला सेकंदाला १०० वेळा हिसका बसतो, ६० चा असेल तर १२० वेळा. चांगल्या ड्रायव्हरमधला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमधला) कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, मधले खड्डे भरून काढतो, स्वस्तात तो छोटा असतो किंवा नसतोच. थेट बल्बावर कॅमेरा रोखला की फोन शटरचा वेग वाढवतो आणि किरकोळ चढउताराचेही पट्टे दाखवतो. दुसरीकडे साध्या व्हिडिओत कधी कधी वाईट बल्बही सुटून जातो. त्यापेक्षा पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडाचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, आधी खात्रीच्या बल्बाचा, मग नव्याचा. फरक लगेच कळतो.

फोन नसेल तर पेन पुरे. खोलीत तेवढा एकच बल्ब ठेवा आणि पेन डोळ्यांसमोर पंख्यासारखं जोरात हलवा. एकसंध पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुटी सुटी पेनं दिसली तर त्या बल्बाखाली वाचत बसू नका.

डोळ्यांना सरळ दिसणारी लुकलुक मात्र वेगळीच भानगड आहे. तिथे बल्बाला दोष देण्याआधी तो दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघा. लुकलुक थांबली तर पहिल्या होल्डरचा संपर्क ढिला आहे किंवा त्या लाइनवर डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, आहे. डिमरवर साधा एलईडी गुरगुरतो, लुकलुकतो आणि लवकर जातो.

स्विच बंद करूनही बल्ब मिणमिणत राहतो, तेव्हाही बल्ब सहसा निर्दोष असतो. स्विचमधल्या छोट्या इंडिकेटर दिव्यातून जाणारा किरकोळ प्रवाह त्याला पुरतो. पण इंडिकेटर नसतानाही मिणमिणत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असेल तर बंद केल्यावरही होल्डरमध्ये वीज राहते, आणि ते बल्ब बदलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

पिवळा आणि पांढरा शेजारी लावून तुलना

केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप. ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब २७०० च्या पिवळसर बल्बापेक्षा जास्त प्रखर वाटतो, ल्युमेन सारखे असले तरी. तुलना एकाच रंगाच्या बल्बांत करा. रंग खरे दिसतात का, हे बघायला लाल कापड किंवा स्वतःचा तळहात घ्या. दिवसा खिडकीशी बघा, मग बल्बाखाली. लाल रंग विटका आणि तळहात पांढुरका दिसला तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं माप, कमी आहे. ८० हा किमान, ९० उत्तम.

हात लावून "गरम लागतो, म्हणजे वाईट"

उलटंही असू शकतं. बाहेरून कोमट लागणारं जाड प्लास्टिक कधी कधी उष्णता आतच कोंडून ठेवतं. तिचा पहिला मार ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरला बसतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. खोक्यावरचे २५,००० तास रोज ३ तासांच्या हिशेबाने जवळजवळ २३ वर्षं होतात, पण तो आकडा बहुधा एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, ड्रायव्हरचा नव्हे. बंद काचेच्या गोळ्यात लावलेला बल्ब त्याच्या जवळपासही जात नाही. एकाच ठिकाणचे बल्ब वारंवार जात असतील तर आधी तो गोळा काढून बघा.

शेवटची चूक धोक्याची आहे: बल्ब उघडून चालू ठेवणं. बऱ्याच स्वस्त बल्बांत आतली एलईडीची पट्टी थेट मेनच्या विजेशी जोडलेली असते, आणि होल्डरमधून काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते. वरची पांढरी टोपी आपोआप निखळली असेल तर ती चिकटवून बल्ब पुन्हा वापरू नका. मेन स्विच बंद करून तो उतरवा आणि ई-कचऱ्यात टाका.