फुर्टव्हेंग्लरची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकताय? या चुका टाळा

मी पहिल्यांदा जर्मन कंडक्टर (ऑर्केस्ट्राचा संचालक) विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. कर्कश व्हायोलिन्स, खरखर, मधेच आवाज फाटतोय, वाटलं लोक उगाच एवढं डोक्यावर घेतात. पुढे कळलं की मी ऐकली ती कॉपीची कॉपी होती, कोणीतरी यूट्यूबवर टाकलेली. तर पहिली चूक हीच, दोष टेपचा की माणसाचा हे न बघता निकाल लावायचा.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा असतो. डिसेंबर १९४४ ची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची एरॉइका घ्या, जर्मन रेडिओने मॅग्नेटोफोनच्या, म्हणजे तेव्हाच्या टेपरेकॉर्डरच्या, टेपवर घेतलेली. १९५३ मध्ये युरेनिया कंपनीने ती एलपीवर काढली, त्यावर फुर्टव्हेंग्लर स्वतः कोर्टात गेले, आणि वर त्या एलपीची पट्टी चढलेली! बीथोव्हनची ही सिंफनी ई-फ्लॅटमधली, म्हणजे आपली काळी दोन. सुरुवातीचे दोन कॉर्ड वाजले की फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपवर बघा, सूर पांढरी तीनकडे सरकलेला दिसला तर ट्रान्सफर (टेपवरून केलेली कॉपी) गंडलाय. दुसरी आवृत्ती शोधा, नाहीतर ऑडासिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड कमी करा. एक सेमीटोन म्हणजे साधारण ६ टक्के, पण इथे तेवढं लागत नाही. नुसता पिच खाली आणू नका, स्पीडच कमी करायचा, कारण लयही चढलेलीच असते.

खरखर नको म्हणून ट्रेबल मारायचा, ही माझी जुनी खोड. खरखर जाते पण सोबत गजाचा घासही जातो, उरतं ते गोधडीखालून आल्यासारखं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला हे सांगायला नको, पाच मिनिटांत कान खरखर विसरतो. तसंच मोनोला ओढूनताणून स्टिरिओ केलेल्या जुन्या एलपी घेऊ नका, बाथरूममध्ये ऑर्केस्ट्रा बसवल्यासारखं वाटतं.

आता खुद्द फुर्टव्हेंग्लर यांचं वाजवणं. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीला सगळे अगदी एकदम पडत नाहीत, लय मधेच सैल होते, मधेच पळते. इथे मात्र टेपला दोष देऊ नका, हे त्यांचंच आहे. त्यांचा बीट मुद्दामच काटेकोर नसायचा. मेट्रोनोम लावून ऐकलंत तर चिडचिडच होणार, लांबच्या टप्प्यावर कान ठेवा, ताण कुठून चढतोय आणि कुठे सुटतोय ते बघा. २९ जुलै १९५१ ची बायरॉइटची नववी ऐका, शेवटचा भाग इतका सुसाट की वादक धापा टाकत मागे पळतायत असं वाटतं. मला आवडतं, काहींना तो निव्वळ गोंधळ वाटतो आणि त्यांचंही पूर्णपणे चूक नाही.

'फुर्टव्हेंग्लरची नववी' एवढंच सर्च करून जे वर येईल ते लावणं हीसुद्धा चूकच. मार्च १९४२ बर्लिन, १९५१ बायरॉइट, ऑगस्ट १९५४ लुसर्न, तिन्हींचा स्वभाव पार वेगळा. त्यात १९ एप्रिल १९४२ चा हिटलरच्या वाढदिवसानिमित्तचा कार्यक्रम, ज्याच्या फिल्ममध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स फुर्टव्हेंग्लरशी हात मिळवताना दिसतो, तो आणि मार्चचं रेकॉर्डिंग लोक सर्रास एकच समजतात. तारीख बघा. नावही बघा, कारण द्वोर्झाकची एक न्यू वर्ल्ड सिंफनी बरीच वर्षं यांच्या नावावर खपत होती आणि ती निघाली ओस्वाल्ड काबास्टा या दुसऱ्याच कंडक्टरची.

नवीन असाल तर युद्धकाळातल्या टेपपासून सुरुवात करूच नका. १९५३ ची बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरची शूमानची चौथी लावा, स्टुडिओतली आहे, मोनो असून आवाज स्वच्छ. तिसऱ्या मूव्हमेंटमधून (सिंफनीच्या भागातून) शेवटच्या मूव्हमेंटकडे नेणारा तो अंधारा पूल ऐका, मग १९४२ च्या नववीकडे या. तिथे कोरस आला की आवाज फाटतो, ते कुठल्याच रीमास्टरने पुरतं जात नाही, तेवढं सोसायचं.

आणि हो, नववीची सुरुवात अगदी हळू आवाजात आहे म्हणून व्हॉल्यूम वाढवून ठेवू नका, मार्च १९४२ लावताना तर नाहीच. पहिल्याच मूव्हमेंटमध्ये मूळ थीम परत येते तेव्हा टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) अशी काही तुटून पडते की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवायला वर आले होते.